टिकलीचा पाय कसा आहे

शेवगाव,
१७ एप्रिल २०२५

चि. दिशा,
जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू कपाळाला आठ्या घातल्याच असशील. घाल. मोबाईल तू उचलत नाहीस, मेसेज पोचल्याची खूणसुद्धा येत नाही, आणि तुझ्या आईच्या फोनवरून बोलायला गेलो तर माझा आवाज ऐकताच तुझ्याकडची रेंज जाते. नगर इथून एसटीने दोन तास. दोन तासांवरच्या पोरीला पोस्टाचं तिकीट चिकटवून लिहिणारा या तालुक्यात मी एकटाच असेन. पोस्टातल्या माणसाने दोनदा विचारलं, सर, नगरलाच ना?

खुशाली विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस. कामाचं लिहितो.

परवा, जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, मिरवणुकीत घसा बसलेला आणि पाय सुजलेले, अशा अवस्थेत मला मुख्याध्यापक कानिफनाथ सरांनी घरून बोलावून घेतलं. बोर्डाचं पत्र आलं होतं. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात आमच्या शाळेच्या सत्तावीस मुलांनी मिळून कॉपी केल्याचा संशय आहे, खुलासा करा, नाहीतर सगळ्यांचा निकाल राखून ठेवू. कानिफनाथ सर पत्र माझ्यासमोर धरून असे बसले होते की जणू सत्तावीस चिठ्ठ्या मीच भिंतीवरून आत फेकल्या.

झालं होतं असं. प्रश्न आला होता, शाळेतल्या वृक्षारोपणाविषयी वडिलांना पत्र लिहा. माझी पद्धत तुला माहीत आहे. वरच्या पाच ओळी ठरलेल्या, खालच्या पाच ठरलेल्या, मधल्या चार तेवढ्या प्रश्नाप्रमाणे बदलायच्या. जूनपासून रोज प्रार्थना झाली की अख्खा वर्ग ते पत्र मोठ्याने म्हणतो. बाहेर मैदानात कवायत करणाऱ्या पाचवीच्या पोरांनासुद्धा ते पाठ आहे. तर मुलांनी मध्ये चार ओळींत झाडं लावली, पाणी घातलं, आणि बाकीचं जसंच्या तसं उतरवलं. शेवटी सत्तावीसही जणांनी वडिलांना विचारलं, आपली टिकली शेळी कशी आहे, मंगळवारी तिचा पाय मोडला होता तो बरा झाला का.

पेपर तपासणाऱ्या बाईंनी पहिल्या शेळीला पूर्ण मार्क दिले म्हणे. दुसऱ्या शेळीला त्या हसल्या. पाचव्या शेळीला त्यांनी गठ्ठा बाजूला काढला.

आता बोर्ड म्हणतं, हा मजकूर परीक्षेच्या आधीपासून मुलांकडे होता याचा पुरावा आणा. पुरावा म्हणजे वह्या. आणि आमच्या पोरांची रीत अशी की शेवटचा पेपर संपला की सगळ्या वह्या भंगारवाल्याच्या काट्यावर. मी सत्तावीस दारं फिरलो. एका घरी वहीच्या पानात शेंगदाणे बांधून मिळाले, पण ते पान भूगोलाचं.

म्हणून तुला लिहितोय. ते पत्र मुळात कुणाचं हे तुला आणि मलाच माहीत. तू हॉस्टेलमधून मला इंग्रजीत लिहून पाठवलेलं, २०१२ सालचं. मी दुरुस्त करून तुला परत पाठवलं होतं. ते तुझ्या त्या पत्र्याच्या पेटीत असणार, तू कागद टाकत नाहीस. त्यावर तारीख आहे. तेवढं पाठवून दे. सुनावणी पुण्याला २ मेला आहे.

पोरांची वर्षं जातील, एवढंच लक्षात घे. आपलं काय ते आपण नंतर बघू.

तुझा,
पप्पा


शेवगाव,
२६ एप्रिल २०२५

चि. दिशा,
जयभीम.

तुझं पत्र पोचलं. अडीच वर्षांनी मुलगी बापाला लिहिते आणि एकच ओळ लिहिते. ‘पत्र आहे, पण त्यात तुम्ही काय बदललंत ते आधी तुमच्या मुलांना सांगा.’ खाली सहीसुद्धा नाही. मी तपासायला घेतलं असतं तर मायना नाही म्हणूनच दोन मार्क कापले असते.

काय बदललं म्हणजे? मी इंग्रजीचा मास्तर आहे, बदलणं हेच माझं काम आहे. तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस, नगरच्या इंग्रजी शाळेत घालून दोन महिने झालेले. तू लिहिलं होतंस की मी इथे सुखात नाही, मला घरी घेऊन जा. ते मी ‘मी इथे सुखात आहे, माझी काळजी करू नका’ असं केलं. बाकी पत्र फार छान होतं. न्हाणीजवळचा पेरू, आईच्या हातची बाजरीची भाकरी, टिकलीचा पाय. गाईडमधल्या पत्रांत असं काही नसतं, सगळे बाप तिथे ऑफिसात आणि सगळ्या आया बागेत. मला वाटलं, आपल्या पोरांना हे जवळचं वाटेल. पण तपासणाऱ्यासमोर रडगाणं चालत नाही. दिवसाला तीस-चाळीस पेपर तपासतो तो माणूस, त्याला सुखी मुलगा बरा वाटतो. एवढाच हिशेब होता त्यात. बारा वर्षांत माझ्या वर्गातला एकही जण पत्राच्या प्रश्नात नापास झालेला नाही.

ते पत्र मी वर्गात पाठ करून घेतो हे तुला कळायला नको होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या पद्धतीने कळलं ते वाईट झालं, हे मान्य. माझ्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून सत्कार, तू कंपनीतून रजा काढून आलेली, पहिल्या रांगेत आईशेजारी बसलेली, आणि कानिफनाथ सरांना हौस, की सरांच्या वर्गाचं इंग्रजी पाहुण्यांना ऐकवू. चाळीस पोरं एका सुरात ओरडली, मी इथे सुखात आहे. तू उठून गेलीस तेव्हा मला वाटलं बाथरूमला गेलीस. मी तुझ्यासाठी पेढ्यांचा पुडा बाजूला काढून ठेवला होता, तो चार दिवस तसाच होता.

तुझी आई म्हणते, चूक कबूल करा. कसली चूक? हॉस्टेलात मी तुला छळायला टाकलं नव्हतं. मी स्वतः अकरावीत पहिल्यांदा इंग्रजी बोलणारा मास्तर पाहिला आणि वर्षभर मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो. माझ्या बापाला तर अंगठाच येत होता. तुझी मान खाली जाऊ नये, एवढंच मला पाहिजे होतं.

असो. आता एक खरं सांगतो, कारण तुझ्या आईने सांगितलंच असेल. पुरावा मिळालेला आहे. हर्षल नावाचा माझा विद्यार्थी आहे, त्याच्या आईला वाचता येत नाही पण तिने पोराची एकही वही विकली नाही. ट्रंकेत साडीत गुंडाळून ठेवल्यात. ती वही मला १६ तारखेलाच मिळाली होती. तुला पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी.

तरी तुझं पत्र मागितलं. का मागितलं ते मला विचारू नकोस.

मुलांना सांगतो. तू म्हणतेस म्हणून सांगतो, मला पटलेलं नाही.

तुझा,
पप्पा


शेवगाव,
४ मे २०२५

दिशा,

जयभीम. या वेळी मी चिडून लिहितोय आणि कारण तूच आहेस.

दोन तारखेला आम्ही पहाटे गाडी करून पुण्याला गेलो. सत्तावीस पोरं, कानिफनाथ सर आणि मी. घोडनदी मागे पडली तेव्हा मी गाडीत उभा राहिलो आणि तुझं म्हणणं ऐकलं. सांगितलं सगळ्यांना, की हे पत्र माझ्या मुलीचं आहे. तिने लिहिलं होतं की मी सुखात नाही, मी ते सुखात आहे असं केलं. मग हर्षलने विचारलं, सर, मंग त्या शेळीचं खरं होतं का. मी म्हटलं, शेळीचं खरं होतं. बसलो खाली. कानिफनाथ सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझं डोकं फिरलंय.

सुनावणीला एक बाई होत्या, चष्मा कपाळावर, कंटाळलेल्या. त्यांनी हर्षलची वही पाहिली आणि म्हणाल्या, एका वहीवरून सत्तावीस जणांचं कसं धरायचं? कोरे कागद देते, एकेकाला लांब बसवते, इथेच वडिलांना पत्र लिहा. ज्याचं जुळेल तो सुटेल. इतकी सोपी परीक्षा माझ्या पोरांच्या वाट्याला जन्मात आली नव्हती. मी खुशीत बाहेर जाऊन चहा प्यालो.

सव्वीस जणांनी ते जसंच्या तसं लिहिलं. कुठे टिंब हललं नाही. बाई एकेक कागद पेपरशी लावून बघत होत्या आणि शेवटी हसायलाच लागल्या. मला म्हणाल्या, सर, तुमच्या पोरांनी कॉपी केली नाही हे मी लिहून देते, पण इंग्रजी शिकली असं काही मी लिहून देणार नाही.

सत्ताविसावी राजेश्वरी. शांत पोरगी, शेवटून दुसऱ्या बाकावरची. आई लहानपणीच गेली, बाप बोअरच्या गाडीवर कर्नाटकात, ही मावशीकडे राहते. तिने वेगळंच पत्र लिहिलं. एका ओळीत चार-चार चुका. बाईंनी तिचा पेपर शेजारी ठेवला आणि म्हणाल्या, ही एवढ्या चुका करते, मग पेपरातलं हे स्वच्छ पत्र हिचं कसं? ही कॉपी आहे. मी मध्ये पडलो, म्हटलं, तिला तेच पत्र लिहायला सांगा, तिला येतंय. बाईंनी दुसरा कागद दिला. पोरीने पाच ओळी झरझर लिहिल्या आणि ‘मी इथे’ म्हणून थांबली ती थांबलीच. दहा मिनिटं. मग पेन टेबलावर ठेवलं.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं, पण ओरडलो. अगं, तुला येत होतं ना? मग एक ओळ लिहायला काय झालं?

ती म्हणाली, “सर, आमची शेळी गेल्या साली इकली. तिचा पाय कसा हाय म्हणून कशाला इचारू? आन तुमीच म्हनले, तुमच्या ताईनं खरं लिव्हलं हुतं. मला बी मावशीकडं करमत न्हाई. ते सुखात हाय म्हणून कसं लिव्हू?”

बाईंनी मला ते पत्र दाखवलं होतं. तिने लिहिलंय, पप्पा, तुम्ही या, मला न्या, मी तिकडे स्वयंपाक करीन. बस, एवढंच. मोडकं, तोडकं, काळाचा पत्ता नाही, पण काय म्हणायचं ते लख्ख कळतं. मी अठ्ठावीस वर्षांत हजारभर पोरं दहावीला बसवली. इंग्रजीत कुणी आपल्या बापाला काही सांगतंय असं मी पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्यांदा, खरं तर.

आणि नेमका तिचाच निकाल अडकला. सव्वीस पोपट सुटले आणि जिने स्वतःचं लिहिलं ती चोर ठरली. गाडीत परत येताना बाकीची पोरं गाणी म्हणत होती, ही खिडकीला डोकं टेकून. कानिफनाथ सर म्हणाले, जाऊ द्या, सव्वीस तर वाचले. मी त्यांच्याशी शेवगाव येईपर्यंत बोललो नाही.

शुक्रवारी, ९ तारखेला तिची परत सुनावणी मागून घेतली आहे. बाई म्हणाल्या, तोंडी काही चालणार नाही, कागद आणा. वहीतलं पत्र तर तिच्या पेपरासारखंच आहे, त्याने तिचं काही भागत नाही. हे पत्र मुलांचं नाही, मीच दुरुस्त करून पाठ करून घेतलेलं आहे, हेच दाखवायला पाहिजे, आणि ते दाखवणारा कागद एकच आहे.

पहिल्या पत्रात खोटं मागितलं होतं. आता खरंच लागतंय. तुझा राग माझ्यावर आहे, तो राहू दे, मी तो जा म्हणत नाही. पण या पोरीला अकरावीला नगरला जायचंय, तिथल्या मुलींच्या हॉस्टेलात नंबर लागला तर मावशीकडून सुटेल. निकाल अडकला तर वर्षभर तिथेच. हॉस्टेलातून सुटायची वाट बघणं काय असतं ते तुला माहीत, आणि हिला हॉस्टेलच पाहिजे. बघ काय करतेस.

पप्पा


शेवगाव,
१७ मे २०२५

प्रिय दिशा,
जयभीम.

८ तारखेला, गुरुवारी संध्याकाळी तुझ्या आईला फोन आला की नगर-शेवगाव गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट दिलंय, सात वाजता स्टँडवर घ्या. मी साडेसहालाच जाऊन उभा होतो. कंडक्टरने नाव विचारलं, मी सांगितलं, तो म्हणाला, ताईंनी बजावलंय, दुमडू नका. मी ते घरापर्यंत दोन्ही हातांत धरून आणलं. उघडलं मात्र नाही. उघडायची हिंमत झाली नाही, तसंच पुण्याला नेलं.

बाईंनीच ते उघडलं. टेबलावर चार कागद मांडले. तुझं २०१२ चं पत्र, त्यावर माझी लाल शाई. हर्षलची वही. राजेश्वरीचा पेपर. राजेश्वरीचं त्या दिवशीचं पत्र. बराच वेळ त्या वाचत होत्या. मग म्हणाल्या, सर, यातलं या मुलीचं नेमकं कुठलं?

मी म्हटलं, “चुका आहेत ते तिचं. चुका नाहीत ते माझं.”

तसं लिहून द्या म्हणाल्या. लिहून दिलं. की गेली बारा वर्षं मी एका मुलीचं खरं पत्र तिला न विचारता बदलून पाठ करायला लावलं, विद्यार्थ्यांचा यात काही दोष नाही. खाली सही, हुद्दा, तारीख. आता संस्थेने मला कारणे दाखवा नोटीस दिली आहे. देऊ देत. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत, या वयात मी काय पळून जाणार? कानिफनाथ सर म्हणतात, एवढं सविस्तर कशाला लिहिलंत. अठ्ठावीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो, सविस्तर लिहा.

निकाल मंगळवारी लागला. पत्राचे मार्क सगळ्यांचेच कापले. तरी सत्तावीसही पास. हर्षल पस्तीसवर अडकून पास झाला आणि त्याची आई पेढे घेऊन आली, वही परत मागायला. राजेश्वरीचा निकाल काल हातात आला. इंग्रजीत चव्वेचाळीस. माझ्या पाठांतराशिवाय.

तुझ्या पत्रासोबत तिचं पत्रही बाईंनी मला परत दिलं होतं. तिच्या बापाला इंग्रजी येत नाही, म्हणून मी मावशीकडून नंबर घेतला आणि ते फोनवर मराठीत वाचून दाखवलं. मागे बोअरची मशीन धडधडत होती. मी दोनदा वाचलं. मग तो म्हणाला, “सर, ह्या पत्राला मार्क किती पडले?”

मला एवढा संताप आला. म्हटलं, अहो, पोरगी तुम्हाला ये म्हणतेय, आणि तुम्ही मार्क काय विचारताय? तो घाबरला बिचारा. येतो म्हणाला, रविवारी निघतो.

फोन ठेवला आणि मग तुझं पत्र उघडलं. एकट्याने, पहिल्यांदाच. लाल शाई अजून तशीच आहे. मला वाटत होतं मी दोन-चार दुरुस्त्या केल्या असतील. एकही ओळ सोडलेली नाही. ‘सुखात नाही’ मधल्या ‘नाही’वर काट मारली आहे आणि शेजारी लिहिलंय, वाचणाऱ्याला बरं वाटेल असे लिहावे. आणि सगळ्यात खाली, गोल करून, दहापैकी सहा.

तेरा वर्षांच्या पोरीने मला घरी न्या म्हणून लिहिलं आणि मी तिला सहा मार्क दिले. वर पाकिटात घालून परत पाठवलं, पोस्टाचं तिकीट लावून. त्या पाकिटात दुसरा कागद नव्हता, हे मला काल आठवलं. मी तुला उत्तर असं लिहिलंच नव्हतं. तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, मला तेव्हाच माहीत होतं. मग बोलली का नाहीस विचारलं, तर म्हणाली, तुम्ही कुठे विचारलं? खरं आहे.

म्हणून आता लिहितो. उशीर झालाय, त्याचे काय कापायचे ते काप.

तुझं ५ ऑगस्ट २०१२ चं पत्र मिळालं. तू तिथे सुखात नाहीस हे वाचलं. मला वाचताना बरं वाटलं नाही, आणि वाटायलाही नको होतं. मी येतो. पुढच्या शनिवारी, २४ तारखेला, सकाळी सातच्या गाडीने. तू आता हॉस्टेलात नाहीस, खोली घेऊन राहतेस, तुला घरी न्यायला मी कोण, हे मला कळतं. पण तू ये म्हणून लिहिलं होतंस आणि मी गेलो नव्हतो. दार उघडलंस तर आत येईन, नाहीतर तुझ्या आईने दिलेल्या भाकरी दाराशी ठेवून दुपारच्या गाडीने परत येईन. वाद घालणार नाही. निदान प्रयत्न करीन.

पेरू त्या वर्षी फार लागला होता. तुझ्या वाटचे आईने फडक्यात बांधून ठेवले, ते मऊ पडून गेले.

आणि टिकलीचा पाय. बांबूची कामटी लावून मीच बांधला होता, पंधरा दिवसांत ती चालायला लागली, थोडी लंगडत. दिवाळीला आलीस तेव्हा तू ते स्वतःच पाहिलंस. पण तोवरचे तीन महिने तू तिथे विचार करत बसली असशील, आणि मला कळवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

तुझा,
पप्पा